इंगोलेकाकांची सपरी

कचेरीतल्या नकला विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून लाकडाचं एक जनावर ठेवलेलं असे. चार जाड पाय, आखूड मान, कपाळावर दोन टेंगळं. त्याच्या पोटावर चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर छापल्यासारख्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'हा बैल आहे.'

टेबलामागच्या माणसाला मी विचारलं, "चिठ्ठी कशासाठी?"

त्यांनी टाक दौतीच्या काठावर निथळला, बाजूला ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "परवा वरचे साहेब आले होते. म्हने, इंगोले, हे डुक्कर कुठून आनलं? मंग म्या लिहून ठेवलं. लोकायले उगाच तरास कायले द्याचा?"

महादेवराव इंगोले यांची आणि माझी ही पहिली भेट. राज्यांची फेररचना होऊन वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, तेव्हा बांधकाम खात्यातली आम्ही पुण्याकडची काही माणसं इकडे पाठवली गेलो. मी ड्राफ्ट्समन. अमरावतीत येऊन आठच दिवस झाले होते. एका रस्त्याच्या कामासाठी जुन्या नकाशाची नकल हवी होती, म्हणून मी त्या खोलीत गेलो होतो. माझ्या बोटांना लागलेली शाई त्यांनी पाहिली आणि विचारलं, "चित्र काढता काय?" मी म्हटलं, नकाशे काढतो. "एकच झालं," ते म्हणाले. "रविवारी सकायी राजापेठेत या. कोनालेही इचारा, खटखट कुठं चालते म्हना. दाखवून देते कोनीही."

गावात ओळखीचं कोणी नव्हतं. रविवार कसा काढायचा हा प्रश्नच होता. मी गेलो.

घराच्या पुढच्या पडवीला वऱ्हाडात सपरी म्हणतात. इंगोलेकाकांची सपरी लांबलचक होती आणि तिच्यात एका चटईवर चार-पाच माणसं मांडी घालून लाकूड कोरत बसलेली होती. मधोमध एक पत्र्याची पेटी, तिच्यात पटाश्या, कानशी, धार लावायचा दगड आणि तेलाची बाटली. हत्यारं कोणाची, हे कोणी विचारत नव्हतं. भिंतीवर काकांच्याच अक्षरात एक पाटी होती, 'रविवार काष्ठ मंडळ'. मंडळाला वर्गणी नव्हती, घटना नव्हती, अध्यक्ष नव्हता. एकच नियम होता, तोही काका तोंडीच सांगत. "आलं का बसाचं. बसलं का हात चालवाचा. कोनी पुसलं काय करून राहिले, तं सांगाचं, अजून मालूम नाही."

हे वेड त्यांना लागलं अचलपूरला. कसल्याशा दाव्याचे कागद आणायला ते तिथे गेले होते. एका जुन्या दरवाज्याची कुजलेली चौकट काढून एक म्हातारा सुतार नवी कोरत होता. काका बघत उभे राहिले. दुपारची बस गेली, संध्याकाळची गेली. रात्रीच्या शेवटच्या बसने ते घरी आले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून परत अचलपूरला गेले आणि येताना एक पटाशी घेऊन आले. तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. "दिवसभर दुसऱ्याचंच उतरवतो, भाऊ," ते मला म्हणाले होते. "काना-मात्राही इकडची तिकडं करता येत नाही. लाकडावर कसं, चुकलो तरी माझंच चुकते."

आणि ते चुकतच असत. हे सांगायलाच हवं. मी खूप माणसं कोरताना पाहिली, पण इंगोलेकाकांइतकी वाईट कलाकुसर मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. नुसता हात कच्चा होता असं नव्हे. वीस वर्षं सरकारी कागद उतरवून इतकं घोटीव अक्षर कमावलेल्या त्या हाताला लाकडातलं उंच-खोल कळतच नसे. मोर कोरायला घेतला तर कोंबडी व्हायची, कोंबडीचा पुढे पाण्याचा तांब्या व्हायचा, आणि शेवटी काका तो तुकडा दाराला अडसर म्हणून वापरायचे. पण कोरताना त्यांचा चेहरा पाहावा. जिभेचं टोक दाताखाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि मधूनच स्वतःशी हसणं. एखादं लाकूड चिरलं की म्हणायचे, "लाकूड लय दिलदार असते. मानसासारखं मनात नाही ठेवत. चुकलं तं बारीक करून घ्या, तेवढ्यातही काहीतरी निंगते."

मंडळातले खरे कारागीर होते भीमराव तायडे. बडनेऱ्याला रेल्वेच्या टपालात ते पत्रं वेगळी करण्याच्या कामावर होते. काकांना ते स्टेशनावरच सापडले. गाडीची वाट पाहत बाकावर बसून तायडे चाकूने एका साध्या खुंटीवर पिंपळपान काढत होते. काका शेजारी बसले आणि आपली गाडी निघून जाऊ दिली. पुढच्या रविवारी तायडे सपरीत हजर.

तायड्यांच्या घरानं नुकतीच नागपूरला दीक्षा घेतली होती. गल्लीतल्या लोकांना ते कोण, हे ठाऊक होतं. त्या पहिल्या रविवारी काकूंनी आतून चहा पाठवला तेव्हा ट्रेमध्ये चार कपबशा होत्या आणि एक वेगळा काचेचा पेला. हे मी पाहिलं नाही, मी त्यानंतर आलो. मला तायड्यांनीच सांगितलं. काकांनी ट्रेकडे पाहिलं, तो पेला स्वतः उचलला, आपली कपबशी तायड्यांपुढे ठेवली आणि चहा पिता पिता सागवान आणि शिसम यांतला फरक सांगत राहिले. पुढच्या रविवारी पाचही पेले सारखे आले. त्याबद्दल त्या घरात कोणी कधी एक शब्द बोललं नाही. "काकानं मले कदी पुसलं नाही तुमी कोन," तायडे म्हणाले. "ते पुसत, लाकूड कोनतं आनलं."

तिसरे होते मोहरील वकील. उंची सागवानाशिवाय हात लावायचे नाहीत आणि कोरण्यापेक्षा बोलायचे जास्त, पण मंडळावर त्यांचा जीव होता. बाकी कोणी येत, कोणी जात. एक दर्जी होता, एक शाळेतला शिपाई होता. काका सर्वांना सारखंच म्हणायचे, "बसा ना राजेहो, घाई कायची?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाडात मुलांचा तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत घरोघर जातात. त्याच्या आधी महिनाभर सपरीत फक्त बैल होत. गल्लीतल्या प्रत्येक पोराला एक. सकाळपासून पोरं रांगेत उभी राहायची आणि तायड्यांचे बैल आधी संपायचे. मग माझे, मग वकिलांचे. काकांचे उरायचे. एकदा एक पोरगी रडकुंडीला आली, "हा बैल नाही, ही बकरी होय." काका तिच्यापुढे उकिडवे बसले. "बैलच हाय बाई. चारा भेटला नाही म्हनून असा दिसून राहिला. तू घरी ने, खाऊ-पिऊ घाल, पाह्य कसा होते तं." पोरगी तो घेऊन गेली. आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि काका आमच्याहून जास्त हसले. त्या काळात त्यांच्या कामाला सगळेच हसायचे आणि त्यात कुणालाच काही लागत नव्हतं, कारण आमच्यापैकी कोणी त्यांच्या कामाला वाईट म्हटलं नव्हतं. हसणं आणि वाईट म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी माझे वडील गेले. तार मिळाली तेव्हा अंत्यविधी होऊन गेलेला होता. पुण्याला जाऊन दिवस करून परत आलो आणि रविवारी सवयीनं सपरीत जाऊन बसलो. बोलायची इच्छा नव्हती. मोहरील वकील काहीतरी विचारू लागले तर काकांनी त्यांना हातानं थांबवलं. माझ्या हातात सागवानाचा एक तुकडा आणि पटाशी दिली. "काही बोलू नका," ते म्हणाले. "हात चालू द्या. डोकं आपोआप मागं येते." त्या सकाळी चार तास सपरीत कोणी बोललं नाही. नुसती पटाश्यांची खटखट. निघताना काकूंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या माणसाचं माझ्यावर इतकं ऋण होतं. पुढचं सांगण्याआधी हे सांगायला हवं होतं.

चार-पाच वर्षं अशी गेली. माझा हात सुधारला. सुधारला म्हणजे चांगलाच सुधारला. ड्राफ्ट्समनचा डोळा होता, रेषा पक्की होती. मी जुन्या देवळांच्या खांबांवरचे नमुने उतरवून आणू लागलो. तायडे तर पहिल्यापासूनच पुढे होते. आमची कामं लोक पाहायला येऊ लागले, आणि मला सपरी अपुरी वाटू लागली. मी मंडळाला घटना केली, नोंदवही केली, स्वतः चिटणीस झालो. काका म्हणाले, "करा ना. तुमचं पुण्याचं डोकं, तुमाले जमते ते." मला तेव्हा ती स्तुतीच वाटली.

मग अकोल्याच्या एका हस्तकला प्रदर्शनाचं बोलावणं आलं. आमच्या मंडळाला एक गाळा मिळणार होता आणि दहा वस्तू मांडता येणार होत्या. महिनाभर सपरीत दुसरं बोलणं नव्हतं. निवडीच्या रविवारी सगळ्यांनी आपापली कामं चटईवर मांडली. निवड मी आणि वकिलांनी करायची ठरली होती. म्हणजे मीच.

काकांनी आतून जुन्या धोतरात गुंडाळलेली एक फळी आणली. हातभर लांब, सागवानाची, उत्तम लाकूड. दोन वर्षं ते घरात बसून त्याच्यावर काम करत होते आणि आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी धोतर उलगडलं. फळीवर पाच माणसं मांडी घालून बसलेली होती. पाचांचीही डोकी भोपळ्याएवढी, हात खांद्यातून न निघता कुठून तरी बरगडीतून निघालेले, आणि चेहरे सगळे एकसारखे.

"हे आपुन," काका म्हणाले. त्यांनी बोट ठेवून ओळख करून दिली. "हे तायडे. हे वकीलसाहेब, पोट पाहा. हे आपले शाळेतले शिपाई. हे तुमी भाऊ, तुमचं नाक जरा साधलं. आन हे, थे जागा उरली म्हनून मी."

कोणी हसलं नाही. ते का हसले नाहीत, हे आता मला कळतं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

नऊ वस्तू ठरल्या होत्या. तायड्यांच्या चार, वकिलांची एक, शिपायाचा एक पाळणा, माझ्या तीन. दहाव्या जागेसाठी माझाच एक वेलबुट्टीचा चाकू बाजूला काढून ठेवलेला होता, पत्रं फोडायचा. मी फळी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हटलं, "काका, ही आपण घरातच ठेवू. दहाच न्यायच्यात."

तायडे म्हणाले, "साहेब, माझी एक काढून घ्या. मोराची घ्या काढून. काकाचं जाऊ द्या."

तेवढ्यावर मी थांबू शकलो असतो. माझा चाकू काढून ठेवता आला असता. तो काही प्रदर्शनाचा जीव नव्हता. पण माझा आवाज चढला. मी म्हटलं, "तायडे, प्रदर्शन आहे, घरचं हळदीकुंकू नाही. अकोल्यातले जाणकार येणार. हे पाहिल्यावर बाकीच्या कामाकडेसुद्धा कोणी गांभीर्यानं बघणार नाही. हे काम वाईट आहे. कोणीतरी एकदा सांगायला पाहिजे."

काकांनी फळी माझ्या हातातून घेतली आणि ती पुन्हा धोतरात गुंडाळली, घडी नीट करून, चारही बाजूंनी. "बराबर हाय," ते म्हणाले. "भाऊचा डोया शिकलेला हाय. आपल्या मंडयाचं नाव झालं पायजे." मग आत गेले आणि चहा घेऊन बाहेर आले. स्वतःच.

अकोल्याला सामान कोण नेणार, हा प्रश्न होता. मला रजा मिळत नव्हती, तायड्यांची पाळी होती, वकिलांच्या तारखा होत्या. काकांनी तीन दिवसांची रजा टाकली. दहाही वस्तू काकूंच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून, ट्रंकेत घालून, बडनेऱ्याहून पॅसेंजरने ते घेऊन गेले. प्रत्येक वस्तूखाली ठेवायच्या चिठ्ठ्याही त्यांनीच लिहिल्या. वस्तूचं नाव, लाकूड, कारागिराचं नाव. लोकांनी त्या अक्षराचं कौतुक केलं, असं मला नंतर सांगण्यात आलं.

शेवटच्या दिवशी रविवार होता, मी गेलो. गाळ्याभोवती बरीच गर्दी होती. काका पांढऱ्या टोपीत आणि धुतलेल्या कोटात उभे राहून एका गृहस्थाला माझा तो चाकू दाखवत होते. "हे पाहा जी, वेल मुठीपाशी बारीक केली, कामून तं बोटाले लागू नये. आमच्या भाऊचं असं असते. दिसाले नाजूक, पन हाताचा इचार पह्यले." वेल मुठीपाशी मी बारीक केली होती ती लाकडात गाठ आली म्हणून. हाताचा विचार मी केलाच नव्हता. तो काकांनी माझ्या वतीनं केला.

गृहस्थांनी विचारलं, "आणि यात तुमचं कोणतं?"

मी गर्दीत मागे होतो. काकांनी मला पाहिलं नव्हतं.

"माझं नाई जी," ते म्हणाले. "मी यायच्यासंगचा." यांच्यासोबत आलेला, एवढंच.

मी त्या क्षणी पुढे झालो नाही. मागच्या मागे बाहेर गेलो, चहा घेतला आणि अर्ध्या तासानं, नुकताच आलो असं दाखवत, परत आलो. काका मला पाहून इतके खूश झाले की त्यांनी आजूबाजूच्या गाळ्यांतल्या सगळ्यांना माझी ओळख करून दिली.

आम्हाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते चौकटीत बसवून सपरीत लावलं. नवे लोक आले. मी नियम केला की सभासद व्हायचं असेल तर आधी कामाचा नमुना दाखवायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांच्या कामाचं परीक्षण व्हायचं. परीक्षण मी करायचो. मला वाटायचं, मंडळ आता कुठे खरं मंडळ झालं.

काका सपरीत नेहमीसारखेच असायचे. लोकांच्या पटाश्यांना धार लावून द्यायचे, दगडावर तेल घालायचे, चटई झाडायचे, चहा आणायचे. हातात लाकूड मात्र नसायचं. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण धार ते छान लावायचे आणि आमची सोय होत होती.

एकदा पाणी प्यायला मी आत गेलो. काकू पाटावर बसून भाजी निवडत होत्या. पाट नवा होता, जाड सागवानाचा. मी सहज म्हटलं, "छान पाट केला काकांनी." काकूंनी मान वर केली नाही. "हो," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर मानसं होती. यायनं रंधा मारून सपाट केलं. दोन दिवस मारत होते." मग पुढची जुडी ओढून म्हणाल्या, "म्या म्हटलं, राहू द्या, भिंतीले टेकवून ठिवू. तं म्हने, लाकूड चांगलं हाय, वाया कावून घालवाचं."

मी पाणी प्यालो, पेला विसळून ठेवला आणि बाहेर आलो. काका दगडावर माझीच पटाशी घासत होते. त्यांनी ती अंगठ्यावर पारखून माझ्या हाती दिली. मी ती घेतली आणि कामाला बसलो. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. सगळं कळलेलं होतं, माणूस दोन हातांच्या अंतरावर बसलेला होता. मी बोललो नाही. चिटणीस होतो ना.

तायडे मात्र बोलले. बाहेर रस्त्यावर मला थांबवून म्हणाले, "काका कोरत नाईत आता. तुमच्या ध्यानात आलं काय?" मी म्हटलं, "वय होत चाललंय त्यांचं." तायड्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पन्नाशीत कोनाचा हात थकत नाही, साहेब," एवढंच म्हणाले आणि सायकलवर टांग मारून गेले. त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं. पुढे त्यांची भुसावळला बदली झाली. जाताना ते काकांच्या पाया पडले. माझ्याशी हात मिळवला.

मंडळ कोणी बंद केलं नाही. दर्जी यायचा थांबला. शिपायाचा नवा पाळणा मी परीक्षणात नापसंत केला होता, तोही थांबला. नवे सभासद एकमेकांची कामं वाकडी नजर करून बघायचे, आणि आपलं काम दाखवायची वेळ आली की त्यांना घरी काहीतरी निघायचं. वकिलांची प्रॅक्टिस वाढली. एका रविवारी सपरीत मी आणि काका दोघेच होतो. हिवाळ्याचे दिवस होते, काकूंनी संत्री ठेवली होती. काका एक सोलत होते.

मी विचारलं, "काका, तुम्ही कोरणं का सोडलंत?"

हे विचारायला मला दोन वर्षं लागली.

त्यांनी संत्र्याची फोड माझ्यापुढे धरली. "सोडलं नाही भाऊ. म्या पटाशी हातात घेऊन पाह्यली पुष्कळ वेळा. पन असं हाय, पह्यले मले मालूमच नव्हतं का मले येत नाही. मंग मालूम झालं." दुसरी फोड सुटी करत म्हणाले, "एकदा मालूम झालं का मंग हात उचलत नाही."

मी म्हटलं, "तसं काही नाही काका. तुमचंही काम ठीकच होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कचेरीत एखाद्या नकलेत चूक सापडली की ते तसं बघायचे. "नाई," ते म्हणाले. "आता खोटं नका बोलू. तवा खरं बोलले तेच बरं होतं." आणि बिया सालीत गोळा करू लागले.

क्षमा मागायची ती वेळ होती. मी संत्रं खाल्लं, इकडचं-तिकडचं बोललो आणि घरी आलो. पुढच्या पावसाळ्याआधी माझी पुण्याला बदली झाली.

काका बडनेऱ्याला गाडीवर पोचवायला आले. डब्यात सामान चढवून दिलं, शेजारच्या प्रवाशाला माझ्याबद्दल चार शब्द सांगितले, पाण्याची सुरई भरून आणली. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजावर हात ठेवून चालता चालता म्हणाले, "तिकडं बसत जा कोनासंग. एकट्यानं नका कोरू." मी हो म्हटलं. पुण्याला आल्यावर मी कोणासंग बसलो नाही. एकट्यानंही फारसं कोरलं नाही.

आमचा पत्रव्यवहार होता. म्हणजे त्यांची पत्रं यायची, मी दोनास एक उत्तर द्यायचो. ते निवृत्त झाले, त्यांना दमा सुरू झाला, हे त्या सुंदर अक्षरातच कळलं. मग एक कार्ड आलं, वेगळ्या अक्षरात. काकूंनी कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. चार ओळी होत्या. आठ दिवस आजारी होते, शेवटपर्यंत शुद्ध होती, अमुक दिवशी गेले, तुम्हाला कळवायला सांगितलं होतं. मी काकूंना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात सगळं होतं, फक्त एक गोष्ट सोडून.

त्यानंतर दोनेक वर्षांनी कामानिमित्त भुसावळला गेलो होतो. तायड्यांचा पत्ता होता, रेल्वेच्या वसाहतीतला. रविवार होता. लांबूनच खटखट ऐकू आली. क्वार्टरच्या पुढच्या ओट्यावर नऊ-दहा माणसं बसलेली होती. एक गार्ड, एक फायरमन, दोन पेन्शनर, एक कडेवरचं मूल शेजारी झोपवून बसलेली बाई. सगळे कोरत होते. कामं पाहिली, तर तायड्यांचं सोडून एकही धड नव्हतं. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. तायड्यांचे केस पांढरे झाले होते. ते मला पाहून उठले, चटईवर जागा केली आणि सगळ्यांना म्हणाले, "हे पुण्याचे साहेब. आपल्या इंगोलेकाकांच्या सपरीत होते. यायनं काका पाह्यले हायेत."

त्या सगळ्यांना काका माहीत होते. गार्डनं मला विचारलं, "कसे होते हो ते? तायडेभाऊ नेहमी सांगतात."

मग मी सांगितलं. अचलपूरच्या बसचं सांगितलं, चहाच्या पेल्याचं सांगितलं, माझे वडील गेले त्या सकाळचं सांगितलं. मला बोलता येतं. ती माणसं हातातलं काम थांबवून ऐकत होती आणि त्या बाईनं पदरानं डोळे पुसले. अकोल्याचंही सांगितलं. तीन दिवस रजा टाकून त्यांनी आमच्या वस्तू कशा सांभाळल्या, 'मी यायच्यासंगचा' असं कसं म्हणाले, तेही सांगितलं. "एवढे मोठ्या मनाचे होते," असं मी म्हटलं.

त्यांची वस्तू त्या गाळ्यात का नव्हती, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तायडे मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांच्याकडे दोन-तीनदा पाहिलं. त्यांनी हातातलं लाकूड फिरवलं, दुसऱ्या बाजूनं धरलं आणि पटाशी लावली. त्यांनी मला अडवलं नाही, आणि पुढचं स्वतःही सांगितलं नाही. माझी गाडी होती म्हणून मी उठलो.